फुकटचे शिंपले

आमच्या खोलीच्या दारावर नोटीस लागली मंगळवारी आणि ती वाचून झाली बुधवारी. कारण ती वाचायचं काम माझ्याकडे होतं.

मिरकरवाड्यातल्या आमच्या ज्येष्ठांच्या खोलीत अकरा माणसं बसतात. त्यातल्या पाच जणांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा घरी असतो. तिघांना चष्मा लावूनही दिसत नाही. राहिलेल्या तिघांतले दोघे एकमेकांशी अबोला धरून आहेत, त्यामुळे एकाच्या देखत दुसरा काही मोठ्याने वाचत नाही. उरलो मी. मी अक्षरं शिकलो त्रेसष्टाव्या वर्षी, याच खोलीत, बर्फाच्या कारखान्यात चाळीस वर्षं लाद्या ओढून झाल्यावर. उशिरा शिकलेला माणूस सावकाश वाचतो, पण एकही अक्षर सोडत नाही. ज्यांना अक्षरं लहानपणीच मिळतात ते लोक अर्धं वाचतात आणि अर्धं गृहीत धरतात.

नोटिशीत असं होतं, की सदर खोली नियमित वापरात नसल्याचे निदर्शनास आले असून, पंधरा दिवसांत वापराबाबत समाधानकारक पुरावा सादर न केल्यास ती परत ताब्यात घेण्यात येईल.

"निदर्शनास आलं म्हणजे काय रे भागोजी?" यमुनाबाईने विचारलं.

"म्हणजे कुणीतरी येऊन बघितलं."

"आम्ही आठ वर्षं इथे बसलेलो कुणाला दिसलो नाय, आणि एक दिवस नव्हतो तो बरा दिसला!"

तो एक दिवस म्हणजे आम्ही सगळे एका लग्नाला जेवायला गेलो होतो तो. पण सरकारी डोळा तसाच असतो. तो उघडतो तेव्हा आपण नेमके जेवायला गेलेले असतो.

खोली म्हणाल तर काही महाल नाही. पूर्वी तिथे जाळी ठेवायचे. अजून पावसाळ्यात भिंतींना वास येतो. एक पंखा, एक टेबल, ज्याचा एक पाय आखूड, आणि एक खिडकी. त्या खिडकीतून ट्रॉलर बंदरात शिरताना दिसतात, आणि कुणाच्या ट्रॉलरला काय मिळालं असेल यावर आमची सकाळ जाते. पण ही खोली गेली असती तर काय झालं असतं ते सांगतो. यमुनाबाई चाळीस वर्षं लिलावात मासळी घेऊन विकत आली, आता गुडघे गेले, पण लिलावाचा आवाज कानावर पडला नाही तर तिला जेवण जात नाही. जमाल जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, सगळं जग फिरून आला. त्याची बायको गेली, दोन्ही मुलगे कुवेतला. त्याच्या घरात आवाज करणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे फ्रीज. तो सकाळी साडेनऊला खोलीत येऊन पहिलं वाक्य बोलतो आणि एक वाजता शेवटचं. आणि मी. माझा तुळसाशी संसार पंचेचाळीस वर्षं सुखाचा झाला, तो का झाला, तर साडेनऊ ते एक मी घरात नसतो म्हणून. पूर्वी कारखान्यात असायचो, आता खोलीत असतो. सुटीच्या दिवशी आमच्या घरात काय होतं ते शेजाऱ्यांना विचारा.

तेव्हा पुरावा हवा होता. काहीतरी कार्यक्रम घ्यायचा, गर्दी जमवायची, फोटो काढायचे, असं ठरलं. आरोग्य शिबिर घ्यावं असं कुणीतरी म्हणालं, पण मागच्या शिबिरात सगळ्यांना साखर निघाली आणि खोलीतली जिलेबी बंद झाली, ती जखम ताजी होती. भजन घ्यावं तर जमाल म्हणाला मी टाळ वाजवीन, पण ज्यांचा अबोला होता ते दोघेही पेटीवर बसणार म्हणाले. कॅरमच्या सोंगट्या उंदरांनी नेल्या होत्या. उंदीर सोंगट्यांचं काय करतात ते मला अजून समजलेलं नाही.

तेव्हा मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पोकर."

आता हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगायला हवं. माझी सून नम्रता हिने माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला होता. "बाबा, वाचायचा सराव होईल," म्हणाली. पत्त्यांचा खेळ. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती लपवून ठेवायची. मधे पाच पानं सगळ्यांसाठी उघडी होतात. ज्याची पानं सर्वांत चांगली जुळतील तो जिंकतो. पण गंमत अशी की पानं उघडायच्या आधी प्रत्येकाने चकत्या लावायच्या. समोरच्याने जेवढ्या लावल्या तेवढ्या आपण लावायच्या, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. म्हणजे पानं वाईट असली तरी समोरच्याला घाबरवून जिंकता येतं. पैशाचा काही संबंध नाही. सकाळी फोन उघडला की दहा हजार चकत्या फुकट. हरलो तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा हजार फुकट.

आणि त्यात रोज एक स्पर्धा असायची, प्रवेश फुकट. तिच्यात मी एकदा साडेतीनशे माणसांत तिसरा आलो. ही गोष्ट मी खोलीत सांगितली होती. तशी एकदाच सांगितली असं माझं म्हणणं आहे. यमुनाबाई म्हणते रोज.

माझी पद्धत साधी होती. पानं कशीही येवोत, सगळ्या चकत्या पुढे ढकलायच्या. लोक घाबरून पळतात. नाही पळाले तर आपण हरतो, आणि उद्या सकाळी पुन्हा दहा हजार.

जमालला मात्र हा खेळ जहाजावरून ठाऊक होता. तो म्हणाला, "भाग्या, तू जे खेळतोस ना, त्याला खेळ म्हणत नाहीत. शिमग्याला आगीत लाकडं टाकतात तसं आहे ते."

"तिसरा आलो साडेतीनशेत."

"त्या साडेतीनशेतले तीनशे तुझ्यासारखेच. सगळे पहिल्याच डावात उड्या मारणारे. जो उडी मारून चुकून पाण्यात पडला तो पोहला, बाकीचे खडकावर. फुकटच्या स्पर्धेत नवशिका बिघडतो. एकदा हाताला वळण लागलं की जात नाही."

"आणि फुकट नसती तर मी शिकलो असतो कुठे? लिहायला मी पाटीवर शिकलो की स्टॅम्पपेपरवर?"

हा मुद्दा बिनतोड होता असं मला वाटलं. जमाल म्हणाला, "पाटी फुकट होती, पण शिकवणारी बाई छडी घेऊन उभी होती. तुझ्या फोनमध्ये छडी कुठे आहे?"

बाकी लोकांना या वादात रस नव्हता. त्यांना पोकर हे नाव आवडलं. भजनापेक्षा पोरांना बोलवायला बरं. ठरलं, की विनामूल्य प्रवेशाची पोकर स्पर्धा घ्यायची, मी सगळ्यांना शिकवायचं, जमालने शंका निरसन करायचं आणि यमुनाबाईने चहा बघायचा. यमुनाबाई म्हणाली, "चहा तुझी बायको बघेल. मी खेळणार."

"तुला पत्ते कुठे येतात?"

"तुला तरी कुठे येतात? तू ढकलतोस."

परवानगीशिवाय पत्ते नकोत असं जमालचं म्हणणं पडलं, म्हणून आम्ही दोघे चौकीत गेलो. तिथल्या जमादारांनी पोकर हा शब्द ऐकून खुर्ची पुढे ओढली.

"प्रवेश फी किती?"

"फुकट," मी म्हणालो.

"बक्षीस?"

"एक नारळ."

"नारळ ही वस्तू आहे. पत्त्यांवर वस्तू लावलीत म्हणजे जुगार."

आम्ही नारळ मागे घेतला. "बक्षीस नाही, साहेब."

"मग जिंकलं तर काय मिळतं?"

"काही नाही."

"हरलं तर काय जातं?"

"काही नाही."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मग खेळता कशाला?"

जमालने माझ्याकडे बघितलं, म्हणजे 'हेच मी सांगत होतो' असं. शेवटी जमादारांनी स्वतःच वहीत 'करमणूक' असं लिहिलं आणि पत्त्यांचा एकेक जोड मोजून घ्या, म्हाताऱ्यांच्या भांडणात आम्हाला बोलावू नका, असं सांगून आम्हाला वाटेला लावलं.

तिथून आम्ही ज्या कचेरीने नोटीस लावली होती तिथे गेलो, तपासणीला बोलवायला. खिडकीवरच्या माणसाने एक अर्ज दिला. आता अर्ज दिसला की मला हात आवरत नाहीत. भरपूर रकाने होते. मी एकेक भरत गेलो. 'दैनंदिन सदस्य संख्या' हा रकाना आला. पेन हातात, कागद कोरा, आकडा आपल्या मनाचा. मी लिहिलं, साठ.

जमालने माझ्या दंडाला चिमटा काढला. "अरे, अकरा!"

"अकराने कुणी घाबरतं का?" मी हळूच म्हणालो. "साठ बघितले की खोलीला हात लावायची हिंमत होणार नाही."

"भाग्या, हे तू फोनवरचं ढकलणं इथे ढकलतोयस."

पण अर्ज आत गेला होता. तपासणी स्पर्धेच्या दिवशीच, साडेअकराला, असं ठरलं.

आता प्रश्न चकत्यांचा. त्या इथे दुकानात मिळेनात. चिंचोके चालतील का म्हटलं, पण ते घरोघरी असतात, कुणीही खिशात आणील. आमच्या इतक्या हुशार माणसांनी एवढा विचार केला, आणि मग ठरवलं काय, तर खाडीत मिळतात त्या तिसऱ्यांचे शिंपले. मिरकरवाड्यात! जिथे दर दुसऱ्या घरी तिसऱ्यांचं सुकं शिजतं आणि शिंपले उकिरड्यावर पडतात, तिथे आम्ही शिंपल्यांचं चलन काढलं. हे म्हणजे बर्फाच्या कारखान्यात बर्फावर पैज लावण्यासारखं. तेव्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही, आणि मी तर पुढाकार घेतला.

यमुनाबाई मात्र म्हणाली, "शिंपले मी देईन. भाट्याच्या खाडीतले. दुसऱ्या कुणाचे चालायचे नायत." तिची बहीण खाडीत तिसऱ्या काढते, आणि गुडघे चांगले होते तेव्हा यमुनाबाईही काढायची. तिने दोन टोपल्या शिंपले घासून, उन्हात वाळवून आणले. त्यांच्या आतल्या तिसऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून माझ्या घरी तीन दिवस तिसऱ्या. चौथ्या दिवशी तुळसा म्हणाली, "खोली जाऊ दे, पण मला वरणभात खायचाय."

पण हे ती बोलली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सव्वीस माणसं जमली. आमच्यातली अकरा आणि बाकी चहा-भजीला आलेली. शेजारून आणखी दोन टेबलं मागून आणली होती. आमच्या टेबलाचा आखूड पाय सवयीप्रमाणे वह्यांच्या चवडीवर टेकवला होता. त्या वह्या माझ्याच. अक्षरांना वळण लागावं म्हणून मी आठ वर्षं रोज सकाळी खोलीत कोण कोण आलं त्यांची नावं लिहितो. वही भरली की टेबलाखाली जाते. तेवढीच उंची वाढते. मी उभा राहून भाषण केलं. म्हणालो, या खेळात भीती सोडून द्यायची. हे शिंपले फुकट आहेत. धीर असेल त्याचा विजय.

हे भाषण करायला नको होतं.

प्रत्येकाला चाळीस शिंपले वाटले. पहिलं पान पडलं आणि पहिल्या टेबलावरच्या आठही माणसांनी चाळीसच्या चाळीस शिंपले मधे ढकलले. धडाधड. दुसऱ्या टेबलाने बघितलं आणि तेही ढकलू लागले. एका म्हाताऱ्याने आपली पानं न बघताच ढकलले. पंधरा मिनिटांत सतरा जण बाद झाले, आणि ते सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आमचे नवीन शिंपले दे."

"नवीन कसले? तुम्ही हरलात."

"तुझ्या फोनवर दुसऱ्या दिवशी मिळतात ना? मग आजच दे. उद्या आम्हाला वेळ नाय."

मी जमालकडे बघितलं. तो खिडकीतून बंदर बघत होता. खांदे हलत होते, म्हणजे हसत होता.

बाद झालेल्यांमध्ये एक गुरुप्रसाद होता, एसटीचा निवृत्त कंडक्टर. तो थोड्या वेळाने पुन्हा टेबलावर बसलेला दिसला. समोर तीसेक शिंपले. मी म्हटलं, "तू बाद झालास ना?" तर म्हणाला, "मला परत मिळाले." मी बघतो तर आणखी दोन-तीन बाद झालेली माणसंही खेळतायत, आणि टेबलावरचे शिंपले कमी व्हायच्या ऐवजी वाढतायत. मघाशी दहा शिंपल्यांना घाबरणारी माणसं आता पन्नासला घाबरेनात. शिंपल्याची किंमत पडली होती. लिलावात बांगड्याची भरमसाट आवक झाली की होतं, तसं झालं.

यमुनाबाई तोवर एका कोपऱ्यात बसून चाळीसचे बहात्तर शिंपले करून बसली होती. ती बहुतेक डाव सोडूनच देत होती. पानं उचलायची, बघायची, दोन बोटांनी दूर सरकवायची. तिने गुरुप्रसादसमोरचा एक शिंपला उचलला, नखाने खरवडला आणि म्हणाली, "ही भाट्याची नाय. ही काळबादेवीची."

सगळ्या माना गुरुप्रसादकडे वळल्या.

"ह्याच्यावर काळा चिखल बसलाय. भाट्याची शिंपली पिवळट असते. ही तिकडल्या काळबादेवीच्या खाडीतली. कुणी खाल्ल्या रे काल?"

गुरुप्रसादच्या सदऱ्याचा खिसा खुळखुळला. तो उभा राहिला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वहिनी, तीस वर्षं एसटीत होतो. सुटे बरोबर ठेवायची सवय आहे."

त्यानंतर यमुनाबाईने टेबलाटेबलावर फिरून परदेशी शिंपले जप्त केले. दोनशे सहा निघाले. काही माणसांच्या खिशात तर अजून ओले होते.

मग खरा खेळ झाला, आणि त्यात पाच माणसं राहिली, मग तीन, मग दोन. यमुनाबाई आणि मी. माझी छाती भरून आली. मी साडेतीनशेत तिसरा, इथे सव्वीसांत किमान दुसरा.

मला पानं आली सत्ती आणि दुर्री. मधे पाच पानं उघडली, त्यात माझ्या कामाचं एकही नाही. अशा वेळी फोनवर मी काय करायचो ते तुम्हाला माहीत आहे. मी छाती काढली, यमुनाबाईकडे रोखून बघितलं, आणि सगळे शिंपले पुढे ढकलले.

ती माझ्याकडे बघत राहिली. घाईत नव्हती. मग तिनेही तेवढेच शिंपले पुढे केले आणि पानं उलटली. राण्यांची जोडी.

"कशावरून कळलं तुला?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

"अरे बर्फवाल्या," ती म्हणाली, "कारखान्यात ज्या दिवशी बर्फ कमी असायचा ना, त्या दिवशी तू फाटकात असाच छाती काढून उभा राहायचास. आम्ही सगळ्या बायका तुझी छाती बघून दुसरीकडून बर्फ आणायचो."

चाळीस वर्षं! मला वाटायचं की त्या बायका मला घाबरून परत जातात.

"आणि," ती शिंपले आपल्याकडे ओढत म्हणाली, "फुकट, फुकट काय लावलंस? ह्या तिसऱ्या काढायला माझी बहीण कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते. माझा एकेक शिंपला मी बघून लावला. तुझे तू ढकललेस."

जमालने तेव्हा मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मित्र असावा तर असा. बोलायची एवढी संधी असून त्याने ती सोडली.

आणि त्याच क्षणी दारात मॅडम आल्या. तपासणीच्या. तरुण, चष्मा लावलेल्या, हातात फाईल, मागे टेप घेतलेला एक माणूस. मी तर अजून हरलेल्या चेहऱ्याने बसलो होतो. टेप घेतलेल्या माणसाने खोली मोजायला सुरुवात केली. मॅडमनी गर्दीकडे बघितलं आणि त्यांना खरंच आनंद झाला.

"वा! भागोजी बापूजी तुम्हीच ना? दररोज साठ सदस्य? मी अर्ज वाचला. फार चांगलं काम करताय तुम्ही लोक."

मी मान डोलावली.

"पण ही खोली दहा बाय चौदा," त्या म्हणाल्या. "दार एकच. इतक्या छोट्या खोलीत साठ ज्येष्ठ म्हणजे धोकाच. मी त्यासाठी बोलले वरती. चढावर, गावाबाहेर, एक मोठा हॉल रिकामा आहे, दोन दारं, प्रसाधनगृह. तुमच्यासाठी मी पत्रच तयार करून आणलंय. एक तारखेपासून तुम्ही तिकडे. ही खोली आम्ही ताब्यात घेऊ."

त्यांनी फाईलमधून पत्र काढलं. त्यावर सहीसुद्धा होती.

तो हॉल मला माहीत होता. तिथे जायला दोन रिक्षा बदलायच्या, आणि तिथून बंदर दिसत नाही. लिलाव तर ऐकूच येत नाही. तिथे यमुनाबाई येणार नाही. तिचे गुडघे चढणार नाहीत. जमाल दोन दिवस येईल, मग फ्रीजजवळ बसेल. सगळे माझ्याकडे बघत होते. साठ मी लिहिले होते.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. 'मॅडम, साठ आहेत, पण पाळीपाळीने येतात! सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस!' छाती आपोआप वर आली. आणखी ढकला. मी तोंड उघडलं.

समोर यमुनाबाई बसली होती. टेबलावर तिची दोन पानं अजून पडली होती. तिने ती दोन बोटांनी हळूच दूर सरकवली.

मी छाती खाली घेतली.

"मॅडम," मी म्हणालो, "साठ नाहीत. अकरा आहेत."

"अकरा?"

"रोज अकरा. बाकी आज भजीला आलेत."

मॅडमनी चष्मा काढला. "मग अर्जात साठ का लिहिलंत?"

"फुकट होतं म्हणून," मी म्हणालो. "आकडा लिहायला काही पडत नव्हतं, मॅडम."

कोपऱ्यात गुरुप्रसादला खोकला आला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांचा चेहरा अजिबात वाचता येत नव्हता.

"रोज अकरा येतात याला काही पुरावा आहे का?" त्यांनी विचारलं. "नियम आहे, रोज दहा माणसं आली पाहिजेत. तेवढी असतील तर खोली नियमित वापरात धरतो. पण नोंद हवी. रोजची."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पुरावा! त्याच्यासाठीच तर एवढं सगळं केलं, आणि पुरावा म्हणून आमच्याकडे दोनशे सहा काळबादेवीचे शिंपले होते.

मॅडम आल्यापासून जमाल पहिल्यांदाच बोलला. "भाग्या. टेबल."

"टेबलाचं काय?"

"टेबलाखाली बघ, खुळ्या!"

तो स्वतःच वाकला आणि आखूड पायाखालची वह्यांची चवड ओढून काढली. टेबल एका बाजूला कलंडलं, आणि त्यावरचे हजारावर शिंपले पावसासारखे खाली गेले. मॅडमच्या चपलांत, भजीच्या परातीत, टेपवाल्याच्या खिशात. भाट्याचे, काळबादेवीचे, सगळे एक झाले. कोण जिंकलं ते आता कुणालाही सिद्ध करता येणार नव्हतं.

खिडकीतली चालू वहीही मी त्या चवडीवर ठेवली. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि वह्या उघडल्या. पहिल्या वहीतली अक्षरं बघून मलाच लाज वाटली. 'जमाल' या नावाचा एक 'ज' एवढा मोठा की तीन ओळी खाल्लेल्या. मॅडम पानं उलटत गेल्या. अक्षरं लहान होत गेली, नावंही कमी होत गेली. सुरुवातीला एकोणीस होती. कुणी गेलं की त्याचं नाव दुसऱ्या दिवशी लिहायचं थांबायचं, एवढंच. मी काही खूण केली नव्हती. पण त्या एका पानावर थांबल्या, आधीच्या पानावर परत गेल्या, आणि त्यांना कळलं असावं.

"हे तुम्ही रोज लिहिलंत?"

"हात बसावा म्हणून."

"एक दिवस नाहीये यात. सत्तावीस तारीख."

"लग्न होतं," यमुनाबाई म्हणाली. "तुमच्या माणसाला तोच दिवस मिळाला."

मॅडमनी ते सही केलेलं पत्र घेतलं, दोनदा दुमडलं आणि फाईलच्या अगदी मागे ठेवलं. मग वहीच्या शेवटच्या पानावर आपली सही केली, शिक्का मारला, आणि 'खोली नियमित वापरात आहे' असं लिहिलं. मी ते वाचलं. एकही अक्षर न सोडता. बराच वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. जाताना मॅडमनी एक शिंपला उचलून बघितला आणि विचारलं, "कशासाठी हे?"

"करमणूक," जमाल म्हणाला.

आता आमच्या खोलीत पोकर खेळतात, पण प्रवेश फुकट नाही. ज्याला बसायचं त्याने ओहोटीला भाट्याच्या खाडीत उतरून स्वतः दहा तिसऱ्या काढायच्या. गुरुप्रसाद एकदाच आला, कंबर धरून परत गेला, आणि तेव्हापासून त्याने एकही शिंपला विचार न करता लावलेला नाही. फुकटच्या स्पर्धेने नवशिका सुधारतो की बिघडतो, हा जमालचा आणि माझा वाद मिटलेला नाही. मी म्हणतो फुकट होतं म्हणून मी सुरुवात तरी केली. तो म्हणतो फुकट होतं म्हणूनच तू साठ लिहिलेस. दोघांचंही खरं आहे, पण हे मी त्याला सांगत नाही.

त्या दिवशी एक वाजता मी घरी गेलो. तुळसा स्वयंपाकघरात होती, पाठमोरी, कुकरशी.

"खोलीचं काय झालं?" तिने अगदी सहज विचारलं. फार सहज.

"राहिली."

तिने वळून बघितलं नाही. "असं होय," म्हणाली. पण कुकरच्या शिट्टीबरोबर तिचा असा एक सुस्कारा सुटला, की कुकरची शिट्टी कोणती आणि तिचा सुस्कारा कोणता हे शेजारच्यांनाही ओळखता आलं नसतं.

मी पाटावर बसलो आणि पान वाढायची वाट बघितली. त्या दिवशी ताटात वरणभात होता, वर साजूक तूप, बाजूला लिंबाची फोड, आणि न मागता एक आमरसाची वाटी.